अण्णा पहाटे गिरणीत गेले, ते कसं लिहू?

ताई, सप्रेम नमस्कार.

गेली पंचवीसहून अधिक वर्षं मी कादंबऱ्या लिहिते आहे. सहा झाल्या. पहिली १९९९ साली आली आणि आजही लोक मला तिच्यामुळेच ओळखतात. ती गिरणी संपाची गोष्ट आहे. तिच्यातला बाप साचेखात्यातला कामगार. घरातलं सगळं गहाण पडतं, पण तो शेवटपर्यंत संपात राहतो. वाचक धरून चालतात की ते माझेच वडील. मी कधी हो म्हटलं नाही आणि कधी नाहीही म्हटलं नाही.

खरं असं आहे की संपाला वर्ष उलटल्यावर, १९८३च्या फेब्रुवारीत, अण्णा कामावर गेले. मी अकरा वर्षांची होते. मला जाग आली तेव्हा त्यांचा सदरा खुंटीवर नव्हता. लालबागच्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली, आणि आई खानावळ चालवायची. संपाआधी चौदा जण जेवायला होते. तेव्हा पाच उरले होते, तेही उधारीवर. त्या रात्रीपासून त्या पाचांतला एकही आला नाही. चाळीत आमच्याशी कुणी बोलेना. शेजारच्या एकाने तर भर गॅलरीत आईला नको ते ऐकवलं. अण्णा २००९ साली गेले. त्या दिवसाबद्दल ते कधीच बोलले नाहीत.

आता मला कादंबरी सुचत नाही. हेच लिहावंसं वाटतं, घडलं तसं. बारा पानं सोबत पाठवते आहे. थोरला भाऊ डोंबिवलीला असतो, आई त्याच्याकडेच, ८२ वर्षांची. दादा म्हणाला, "अण्णांना दुसऱ्यांदा वाळीत टाकू नकोस." तेव्हापासून हात चालत नाही. प्रकाशक म्हणतात, आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणून काढू, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही. नोकरी संपल्यावर अण्णांनी गावाहून मला लिहिलेली पत्रंही आहेत, ती छापावीत असं मनात आहे. लिहू का? लिहिलं तर कसं?

एक कादंबरीकार, लालबाग

*

सप्रेम नमस्कार.

लिहा. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी तुम्हाला बऱ्याच ठिकाणी अडवणार आहे आणि त्याचा अर्थ 'लिहू नका' असा लागायला नको.

तुमचं पत्र आणि बारा पानं एका बैठकीत वाचली, मग पत्र पुन्हा वाचलं. पानं सराईत हाताची आहेत. पण पत्र त्यांच्याहून कितीतरी खरं आहे. पत्रात तुम्ही लिहिता, जाग आली तेव्हा अण्णांचा सदरा खुंटीवर नव्हता. पानांत हा सदरा कुठेच नाही. तिथे अण्णा अंधारात उठतात, देवापुढे उभे राहतात, झोपलेल्या पोरांकडे बघून आईला चार वाक्यं ऐकवतात, आणि दार उघडतात तेव्हा बाहेर पाऊस कोसळत असतो.

लालबागला फेब्रुवारीत पाऊस कोसळत नाही. तो तुमच्यातल्या कादंबरीकर्तीने पाडला. ती चार वाक्यंही तिनेच लिहिली, कारण तुम्ही झोपलेल्या होतात. आणि अण्णा का गेले याचं कारणसुद्धा तिनेच देऊन टाकलं. पोरांच्या पोटासाठी. असेलही तसं. पण तुम्हाला ते ठाऊक नाही.

हे मी एवढं धरून का बसले आहे ते सांगते. कादंबरीत माणूस काही करतो तेव्हा त्याच्यामागे कारण उभं करावं लागतं, नाहीतर पात्र पांगळं राहतं. इतकी वर्षं तुम्ही माणसांना कारणं पुरवत आलात, तो तुमच्या हाताचा धर्मच झाला आहे. स्वतःच्या आयुष्यावर लिहायला बसलं की हा हात बांधून घ्यावा लागतो. प्रसंग रंगवण्याचं, संवाद तोलण्याचं, कुठे थांबायचं ते ओळखण्याचं तुमचं कसब कुठे जात नाही, ते हवंच आहे. फक्त रिकाम्या जागा भरण्याची मुभा जाते. वाचक पहिल्या पानाला तुमच्यावर विश्वास टाकतो की हे घडलेलं आहे. एक खोटा पाऊस त्याच्या लक्षात आला की खुंटीवरून नाहीसा झालेला सदराही त्याला रचलेला वाटू लागेल. तो सदरा तुम्ही गमावू नये असं मला मनापासून वाटतं.

मग जिथे माहीत नाही तिथे काय करायचं? आपल्या भाषेने यासाठी केवढी सोय करून ठेवली आहे बघा. 'अण्णा पोलिसांच्या गाडीतून गेले' असं लिहिलंत तर तुम्ही ते पाहिलंत. 'अण्णा म्हणे पोलिसांच्या गाडीतून गेले' असं लिहिलंत तर चाळ ते बोलत होती. 'गेले असावेत' म्हणालात तर तो तुमचा अंदाज, आणि 'आई सांगायची' म्हणालात तर आईचा शब्द. 'म्हणे' हा दोन अक्षरांचा शब्द, पण चाळीतलं अर्धं आयुष्य त्याच्यावर चालतं. कोण म्हणे, कुणाला म्हणे, हे सांगता सांगता चाळ आपोआप उभी राहील. तुमच्या बारा पानांत तो एकदाही आलेला नाही. प्रत्येक वाक्य सगळं पाहिलेल्या माणसाचं आहे. ती पानं पुन्हा लिहाल तेव्हा दर वाक्याशी थांबून विचारा, हे मी पाहिलं, ऐकलं, की मागाहून जुळवलं? तिन्ही चालतील. वाचकाला कोणतं ते कळलं म्हणजे झालं.

माझ्या आठवणीनेही मला एकदा असंच चकवलं होतं. १९७१च्या डिसेंबरात, पाकिस्तानशी युद्ध सुरू असताना, मुंबईत रात्री ब्लॅकआउट असायचा. मी लहान होते. माहीमच्या घरात, काचांना काळे कागद चिकटवलेले आहेत, मी आणि माझी बहीण पलंगाखाली बसलो आहोत, बाहेर भोंगा वाजतो आहे, हे मला इतकं स्पष्ट आठवायचं की मी त्यावर एक लेख लिहिला. छापायला देण्याआधी कागद काढताना भाडेपावती हाती लागली. आम्ही माहीमला राहायला गेलो १९७३च्या एप्रिलमध्ये. बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "ते गिरगावातलं घर. आणि तू पलंगाखाली नव्हतीस, तू झोपली होतीस. मी तुला नंतर सांगायचे." म्हणजे ती आठवण तिची होती, मी ती माझी म्हणून जपली होती. लेख फाडायला निघाले होते. शेवटी भाडेपावतीसकट तो पुन्हा लिहिला, आणि आधी जो युद्धावरचा लेख होता तो बहिणीवरचा झाला. आता माझ्याकडे तिच्याबद्दलचं ते एवढंच लिखाण आहे.

म्हणून कागद जमवा. तुमच्या बाबतीत ते बरेचसे एका जागी असण्याची शक्यता आहे. म्हाडाच्या गिरणी कामगार घरांच्या योजनेत १ जानेवारी १९८२ ही तारीख धरून पात्रता ठरते, आणि त्यासाठी गिरणीत काम केल्याचे पुरावे जोडावे लागतात. तुमच्या दादांनी अर्ज भरला असेल तर अण्णांचा तिकीट नंबर, पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा कागद, हे सगळं त्यांच्या कपाटातल्या एखाद्या फायलीत असेल. त्या फायलीत कदाचित कामावर रुजू झाल्याची तारीखही सापडेल. फेब्रुवारी ही तुमची आठवण आहे, ती खरी असेल, पण ताडून बघा. शाळेचा दाखला, रेशन कार्ड, आणि सगळ्यात मोलाची म्हणजे आईची खानावळीची वही, कुणाचं किती येणं होतं ती.

मग दादर पूर्वेला, नायगावात, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात काही दिवस जाऊन बसा. १८९८ सालची संस्था आहे ती. त्या महिन्यांतली वर्तमानपत्रं तिथे मागून बघा. संपाच्या बातम्यांसाठी बघाच, पण सिनेमाच्या जाहिराती, भाजीचे दर, परीक्षांच्या तारखाही वाचा. अकरा वर्षांच्या मुलीची दुनिया बऱ्याचदा तिथे असते. आणि तिथल्या एखाद्या बातमीमुळे तुमची आठवण खोटी ठरली, तर ते लपवू नका, पुस्तकात घ्या.

आता दादांचं वाक्य. "अण्णांना दुसऱ्यांदा वाळीत टाकू नकोस." हे वाक्य वाचून मी बराच वेळ पुढे गेले नाही. हे भीतीने किंवा लाजेने म्हटलेलं वाटत नाही. दादा तुमच्याहून मोठे, म्हणजे त्यांनी ते दिवस जास्त समजून सोसलेले असणार. त्यांना वाटतं, चाळ विसरली, गिरणी गेली, अण्णा गेले, आता ही पुन्हा सगळ्यांना गॅलरीत बोलावणार.

त्यांच्याशी वाद घालू नका. पण मला या वाक्यातून दुसरंही काही दिसतं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. वाळीत टाकणं म्हणजे काय असतं? तो माणूस समोर असून नसल्यासारखं वागणं, त्याचं नाव न घेणं. १९९९ साली तुम्ही एक बाप लिहिलात. सरळ, न वाकणारा, सगळ्या गिरणगावाला आपला वाटावा असा. पण संध्याकाळी गिरणीतून परत येणारा, जिन्यात कुणी वाट देत नाही म्हणून भिंतीला चिकटून चढणारा जो माणूस असेल, त्याला त्या कादंबरीत जागा नव्हती. (बघा, 'असेल' म्हटलं, कारण जिन्याचं मला माहीत नाही.) अण्णा ती कादंबरी छापून आल्यावर दहा वर्षं होते. त्यांनी ती वाचली का? वाचून काय म्हणाले? तुमच्या पत्रात आणि पानांत याबद्दल चकार शब्द नाही. मला वाटतं तुमच्या पुस्तकाचा गाभा तिथे आहे, त्या दहा वर्षांत.

यातून तुम्ही कादंबरीबद्दल माफी मागायला हवी असं अजिबात समजू नका. बाप बदलण्याचा कादंबरीकाराला पूर्ण हक्क आहे, आणि ती कादंबरी ज्यांना आधार वाटली त्यांचा आधार खरा होता. तिच्या नव्या आवृत्तीत प्रस्तावना जोडून खुलासे करू नका. पण सभासमारंभांत कुणी "तुमच्या वडिलांना सलाम" म्हणालं आणि तुम्ही मान हलवून गप्प राहिलात, ते कादंबरीत घडलेलं नाही, आयुष्यात घडलेलं आहे. ते या पुस्तकात यावं लागेल. अण्णांबद्दल जेवढं सांगाल तेवढंच, किंवा थोडं जास्तच, स्वतःबद्दल सांगायची तयारी हवी. दादांना मी काही पटवून देऊ शकले तर एवढ्यानेच देऊ शकेन.

दया पवारांनी 'बलुतं' लिहिलं, १९७८ साली, तेव्हा त्यांनी एकाच माणसाचे दोन केले होते. शिकलेला, लिहिता दया पवार ऐकतो आहे आणि दगडू मारुती पवार आपलं जगणं सांगतो आहे. ज्याने भोगलं तो आणि ज्याने मागाहून शब्द कमावले तो, या दोघांत अंतर पडलेलं असतं आणि ते झाकायचं नसतं, हे मराठी वाचकाला त्यांनी पहिल्या पानापासून दाखवलं. तुम्ही ती युक्ती उचलू नका, ती त्यांची आहे. पण तुमच्यातही दोघी आहेतच. गॅलरीत उभी असलेली अकरा वर्षांची, आणि सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी तिचा बाप बदलून लिहिणारी. दुसरीने पहिलीसाठी ते केलं असं मला वाटतं. प्रेमाने केलं असेल. तिलाही विचारा.

संपाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही त्यातच वाढलात. तरी एक गोष्ट लिहिताना समोर ठेवा. १८ जानेवारी १९८२ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख माणसं बाहेर पडली. हा संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. कितीतरी जणांना पुन्हा कामावर घेतलं नाही, कितीतरी गावाला गेले ते गेलेच. आणि पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले, तेव्हा जे संपात राहिले त्यांची गिरणी गेली तशी जे आत गेले त्यांचीही गेली. संपात राहिलेल्यांच्या घरांबद्दल मराठीत लिहिलं गेलं आहे आणि ते लिहिलं जायलाच हवं होतं. पण जे आत गेले त्यांच्या घरात त्या रात्री दिवा कसा लागला, हे माझ्या वाचनात फार थोडं आलं. ते तुमच्याखेरीज कोण लिहील?

मात्र इथे एक धोका आहे. अण्णांना न्याय देण्याच्या नादात बाकीचे दुष्ट होतील. तुमच्या पानांत ते झालेलं आहे. खानावळीतले ते पाच जण तिथे 'पाठ फिरवणारे' म्हणून येतात आणि लगेच जातात. जरा त्यांच्या बाजूने बघा. वर्षभर पगार नाही. उधारीवर का होईना, दोन वेळा आईच्या हातची भाकरी मिळते आहे. त्या रात्री ते ही भाकरी सोडतात. ते कुठे जेवले? जेवले का? तुमच्या अण्णांनी पोटाचं ऐकलं असेल तर या पाचांनी पोट मारलं, आणि दोन्ही बाजू एकाच खोलीच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. कादंबरीत तुम्हाला कुणाची तरी बाजू घ्यावी लागली असती. इथे घेऊ नका. त्या पाचांचं उरलेलं येणं पुढे कुणी चुकतं केलं का, तेही वहीत बघा.

लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली तेव्हा नवऱ्याचा, म्हणजे कवी ना. वा. टिळकांचा राग, न सांगता घर सोडून जाणं, धर्मांतर, त्यातून झालेली ताटातूट, काही झाकलं नाही. तरी पुस्तक मिटताना टिळक वाचकाला परके वाटत नाहीत. मला वाटतं याचं कारण असं की त्यांनी त्यांना सांगतानाच घरातलं बाकी सगळं सांगितलं, खाणंपिणं, भांडणं, पैसे, प्रवास. माणूस एका कृत्यापुरता उरला नाही. अण्णांना त्या एका पहाटेपुरतं ठेवू नका. रविवारी ते काय करायचे? गावाला जाताना एस.टी.त कुठे बसायचे? तुम्हाला कधी मारलं का? भजनाला जायचे का?

प्रकाशकांच्या सूचनेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. 'आत्मचरित्रात्मक कादंबरी' या नावाखाली मराठीत मोठी पुस्तकं झाली आहेत आणि तो प्रकार मला प्रिय आहे. पण तुम्हाला तो आडोसा म्हणून सुचवला जातो आहे. आडोशाची कादंबरी तुम्ही १९९९ सालीच लिहिलीत. पुन्हा कादंबरी म्हटलंत की वाचक पुन्हा विचारणार, हे खरं का, आणि तुम्ही पुन्हा हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही.

शिवाय त्या शिक्क्याने कायद्यातून सुटका होतेच असंही नाही. माणूस ओळखू आला तर कादंबरीवरही बदनामीचा दावा होऊ शकतो. गॅलरीत आईला नको ते बोलणाऱ्या शेजाऱ्याबद्दल हे मुद्दाम सांगते. त्याचं नाव बदलाल, पण 'दुसरा मजला, जिन्यालगतची खोली' लिहिलंत तर चाळीत ते नावच झालं. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६वं आहे, पूर्वी दंड संहितेत ४९९वं होतं. त्यात नुसतं 'हे खरं आहे' म्हणून भागत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. आणि मृत माणसाबद्दलचं लिखाणही, घरच्यांना दुखावण्याच्या हेतूने केलेलं असेल तर, त्यात येऊ शकतं. घाबरून जाऊ नका. खोली बदला, मजला बदला, धंदा बदला, आणि सुरुवातीला एका ओळीत सांगा की काही नावं आणि खुणा बदलल्या आहेत. मात्र दोन माणसांचा एक माणूस करू नका, ती पुन्हा कादंबरी होईल. हस्तलिखित पुरं झालं की एकदा वकिलाच्या नजरेखालून जाऊ द्या.

अण्णांच्या पत्रांबाबत एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. पत्राचा कागद ज्याला पत्र आलं त्याचा, पण मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा. लेखकाच्या मृत्यूनंतर तो वारसांकडे जातो, आणि त्याच्या हयातीत न छापलेल्या मजकुराची साठ वर्षं तो पहिल्यांदा छापला जातो त्या वर्षानंतर मोजली जातात. अण्णांची पत्रं अजून छापलेली नाहीत, म्हणजे तो हक्क शाबूत आहे. मृत्युपत्र नसेल तर वारस तिघं, आई, दादा आणि तुम्ही. ही पत्रं सबंध छापायची तर त्या दोघांची संमती हवी, लेखी घ्या. मला यात अडचण दिसत नाही, उलट बरं वाटतं. दादांकडे जाण्यासाठी तुमच्या हातात एक खरं काम आलं. "लिहू का" असं विचारायला जाल तर ते नाही म्हणतील आणि तुम्ही हिरमुसून परत याल. "पत्रं वाचायला आणली आहेत, आपण तिघं मिळून वाचू" म्हणून जा. त्यांना परवानगी विचारू नका, आठवण विचारा. त्या दिवशी ते कुठे होते? शाळेत त्यांना कुणी काही म्हणालं का? त्यांचं उत्तर तुमच्या आठवणीशी जुळणार नाही, बहुधा. दोन्ही लिहा, त्यांचं त्यांच्या शब्दांत. आणि पुस्तक पुरं झाल्यावर, छापण्याआधी, त्यांना पूर्ण वाचायला द्या. त्यांना एखादी गोष्ट फक्त त्यांची वाटली, तुमची नव्हेच, तर ती काढून टाका. जे तुमच्या अंगावर गुदरलं त्यावर मात्र तुमचा हक्क आहे आणि तो कुणाकडे मागायचा नाही.

सगळ्यात आधी आईकडे जा. मी हे सगळं पुस्तकाच्या काळजीने लिहिते आहे, पण हे एक पुस्तक झालं नाही तरी करा. त्या ८२ वर्षांच्या आहेत. त्या खोलीत त्या पहाटे जागं असलेलं आणि आज हयात असलेलं माणूस बहुधा एकच, त्या. आणि बारा पानांत त्या फक्त ऐकतात. अण्णांची चार वाक्यं ऐकतात, शेजाऱ्याचं ऐकतात. चौदा माणसांचा स्वयंपाक दहा बाय बाराच्या खोलीत करणारी बाई एवढी गप्प नसते. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. तुमच्या आई त्यात होत्या का? कर्ज होतं का? असेल तर त्या फेब्रुवारीत त्याचा हप्ता कुठून गेला? हा प्रश्न मी सहज विचारत नाही. अण्णांच्या कारणाशी त्याचा संबंध असेल किंवा मुळीच नसेल.

त्यांना थेट अण्णांबद्दल विचारू नका. चाळीस वर्षं जे बोललं गेलं नाही ते "का गेले" असं विचारून बाहेर येत नाही. दुपारी जेवणं झाल्यावर वही घेऊन बसा, फोनवर ध्वनिमुद्रण करायचं तर त्यांना सांगून करा, आणि खानावळीचं विचारा. पीठ कुठून दळून आणायच्या, स्टोव्हला रॉकेल किती लागायचं, कुणाला मासे चालत नसत. मग त्या दिवसाचं विचारा. त्या पाच जणांसाठी त्या संध्याकाळी भाकऱ्या थापल्या होत्या का? किती? कुणी आलंच नाही तेव्हा त्यांचं काय केलं?